वाडा जागेवरून हलवला, तर तो तोच वाडा राहतो का?

ओसरी_९
नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही अडचण आली म्हणून.

आमच्या आजोळचा दुमजली वाडा रस्त्याच्या रुंदीकरणात येतोय. आखणीप्रमाणे दर्शनी भिंत आणि पुढचे दोन खण जाणार. मागे घराचीच मोकळी जागा भरपूर आहे. त्यामुळे ओळखीतल्या एका आर्किटेक्टने सुचवलं, की पाडायचा कशाला, अख्खा वाडा उचलून मागे सरकवता येतो का ते बघा.

मला ते पटेना म्हणून वाचायला बसले आणि न्यू यॉर्कच्या हॅमिल्टन ग्रेंजपाशी येऊन थांबले. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांची ही हवेली १८०२ मध्ये बांधून पूर्ण झाली. त्यांना तिथे जेमतेम दोन वर्षं मिळाली, १८०४ च्या जुलैमध्ये द्वंद्वयुद्धात ते गेले. पुढे शहर वाढत वाढत त्या मळ्यापर्यंत आलं, नवे रस्ते आखले गेले आणि १८८९ मध्ये एका चर्चने ती हवेली थोड्या अंतरावर हलवली. तेव्हा पुढचे-मागचे व्हरांडे काढून टाकले, मुख्य दाराची जागा बदलली. नंतर एका अंगाला चर्च आणि दुसऱ्या अंगाला उंच इमारत उभी राहिली, हवेली मधल्या फटीत अंग चोरून राहिली.

२००८ मध्ये ती पुन्हा उचलली. वजन २९८ टन. समोर चर्चचा व्हरांडा आडवा येत होता, म्हणून आधी तीस फुटांहून जास्त वर घेतली, त्या व्हरांड्यावरून रस्त्यावर काढली, खाली उतरवली आणि चाकांवरून जवळच्या सेंट निकोलस पार्कमध्ये नेली. मग काढलेले व्हरांडे, मूळ दार, जिना हे सगळं पुन्हा जागच्या जागी केलं आणि २०११ मध्ये लोकांसाठी उघडली. मला सर्वांत भावलं ते हे, की ते उद्यान हॅमिल्टन यांच्या मूळ बत्तीस एकरांतच येतं. घर हललं, पण स्वतःच्याच जमिनीवर राहिलं.

तर माझे दोन प्रश्न. हे प्रत्यक्षात कसं करतात आणि आमच्यासारख्या दगड, माती, लाकडाच्या घराला ते सोसेल का? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: मामा म्हणतो, "वाडा वाचतोय ना, मग झालं." मावशी म्हणते, "जागा सुटली की तो आपला वाडा नाही, वाड्यासारखं काहीतरी आहे." तुम्हाला काय वाटतं?

फिरस्ता
म्हणजे सामान हलवणाऱ्यांना सांगायचं, बांधाबांध करू नका, घरच उचला. :)
विषय फार छान आहे. वाचतोय, सावकाश लिहितो.

तुळई
मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

आधी एक गैरसमज काढू. उचलतात ते घर नसतं, घराखाली नव्याने घातलेली पोलादी चौकट उचलतात. घर त्या चौकटीवर बसून असतं. जोत्याच्या पातळीला भिंतीत ठरावीक अंतराने भोकं पाडून आडवे गर्डर सरकवतात, त्यांच्याखाली मोठे मुख्य गर्डर घेतात. भिंतीचं वजन हळूहळू गर्डरवर आलं की मगच भिंत पायापासून सोडवतात. हे काम घाईचं नाही. साध्या घराचं प्रत्यक्ष हलवणं कधीकधी एका दिवसातही होतं, तयारीला मात्र महिनोन्महिने जातात.

खरी करामत जॅकची. हायड्रॉलिक जॅक सगळे एकाच यंत्राला जोडलेले असतात आणि ते यंत्र प्रत्येक जॅकमध्ये एकाच मापाने तेल सोडतं. एका कोपऱ्यावर दुसऱ्याच्या दुप्पट वजन असलं तरी दोन्ही कोपरे सारखेच वर येतात. घराला तडे जातात ते वाकडं उचलल्यामुळे, उचलल्यामुळे नव्हे. जॅकची उंची संपली की खाली लाकडी ओंडके एकावर एक आडवे-उभे रचायचे, वजन त्यांच्यावर टाकायचं, जॅक वर घ्यायचा, पुन्हा तेच. ग्रेंजच्या फोटोत घराखाली जे लाकडी मनोरे दिसतात ते हेच. दारं-खिडक्यांच्या पोकळीत टेकू, धुराडं असेल तर त्याला वेगळा आधार, भिंतींना बाहेरून पोलादी दोरांचे आवळे, आणि घर कलत नाही ना हे बघायला सतत ओळंबा नि पाणसळ. हल्ली तडा किती केसभर वाढला ते सांगणारी उपकरणं लावतात, पण जुना गवंडी तड्यावर गिलाव्याची छोटी टिकली लावायचा. टिकली फुटली की तडा चालू आहे असं समजायचं. मी अजून दोन्ही करतो.

सोसेल का? लाकडी सांगाड्याचं घर हलवायला सर्वांत सोपं, कारण सांधे थोडं वाकणं सहन करतात. चुन्यातलं पक्कं विटकाम जड असतं, पण नीट उचललं तर चालतं. अमेरिकेतलं केप हॅटरसचं १८७० चं विटांचं दीपगृह १९९९ मध्ये समुद्र जवळ आला म्हणून २,९०० फूट आत नेलं. वजन चार हजार आठशे टनांच्या घरात, आणि सगळा प्रवास तेवीस दिवसांचा.

भीती आहे ती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंतीची. बाहेरून ती अभेद्य दिसते. आत मात्र दगडाचे दोन वेगळे पडदे आणि मधे सैल भराव असतो. दोन्ही पडदे बांधणारे आरपार दगड पुरेसे नसतील, तर खाली भोक पाडताच भराव वाळूसारखा गळायला लागतो आणि भिंतीचं पोट फुगतं. ओसरी_९, तुमच्या बाहेरच्या भिंती अशा असतील तर अख्खा वाडा एका तुकड्यात न्यायचा विचार मी तरी करणार नाही. लाकडी सांगाडा वेगळा आणि भिंती वेगळ्या, असा विचार करावा लागेल.

नकाशा
तुळई यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण मी मावशींच्या बाजूने.

१९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, यावर स्वतंत्र कलम आहे, सातवं. त्याचा आशय असा: वास्तू जो इतिहास सांगते त्यापासून आणि ती जिथे उभी आहे त्या परिसरापासून तिला तोडता येत नाही. हलवायची परवानगी फक्त दोनच बाबतींत. तिला वाचवायचा दुसरा मार्गच नसेल तर, किंवा राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीचं फार मोठं कारण असेल तर. अमेरिकेतल्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीतही हलवलेली इमारत सहसा बसत नाही. ती मुख्यतः वास्तुरचनेसाठी महत्त्वाची असावी लागते, नाहीतर एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीशी किंवा घटनेशी जोडलेली उरलेली सर्वांत महत्त्वाची वास्तू असावी लागते.

हे नियम कुणाच्या हट्टातून आलेले नाहीत. घर जागा बघून बांधलेलं असतं. ऊन कुठून येतं, वारा कुठून, पाणी कुठे साचतं, दारातून काय दिसतं. ग्रेंजचंच बघा. मूळ घराचं तोंड नैर्ऋत्येला होतं, उद्यानात ते ईशान्येला झालं. त्यावर तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली होती आणि मला ती रास्त वाटते. संध्याकाळचं ऊन ज्या खोलीत यावं म्हणून ती खोली काढली, तिथे ते येत नसेल तर आपण नेमकं काय वाचवलं?

फिरस्ता
@नकाशा, पण न हलवता ती फटीतच राहिली असती. तिथे तर कुठल्याच दिशेचं ऊन धड नव्हतं.

नकाशा
मान्य. म्हणून ग्रेंज हलवणं चूक होतं असं मी म्हणत नाही, फिरवणं चुकलं असं म्हणतो. आणि इथे मुद्दा ओसरी_९ यांच्या वाड्याचा आहे. रस्त्याची आखणी अजून कागदावर असेल तर आधी रस्ता हलवता येतो का ते बघावं. कागदावरची रेघ दगडी भिंतीपेक्षा हलकी असते.

मृद्गंध
माझा अनुभव लिहायचा की नाही असं झालं होतं, पण कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आमचं घर आम्ही उतरवलं आणि दुसरीकडे पुन्हा उभारायचं ठरवलं. लाकूडकाम उत्तम होतं, खांब, तुळया, तुळयांना टेकू देणाऱ्या नक्षीच्या हातण्या, सगळं शाबूत. काम ज्यांना दिलं त्यांनी प्रत्येक भागावर खडूने आकडे घातले आणि माल एका शेडमध्ये रचला. शेड गळकी होती. दोन पावसाळे गेले. आम्ही उभारणीला गेलो तेव्हा निम्म्या लाकडांवर आकडा नव्हता. सारख्याच दिसणाऱ्या चोवीस तुळया, पण प्रत्येकीचं कुसू, म्हणजे टोकाचा खुंट, तिच्याच खांबाच्या खाचेत बसणार. हातकामाचं लाकूड ते, साच्यातलं नाही. कारागिरांनी महिनाभर जुळवाजुळव केली आणि शेवटी कुसवं तासून बसवली.

घर उभं आहे. पाहुणे म्हणतात, किती सुंदर. मला मात्र प्रत्येक तासलेला सांधा दिसतो. बाबा असते तर त्यांनी कोणती तुळई कुठली ते हात लावून सांगितलं असतं. त्यांना विचारून लिहून ठेवायला हवं होतं, आम्ही ते केलं नाही.

ओसरी_९, मामांना आणि मावशींना आत्ताच बसवा आणि लिहून घ्या. घरातल्या माणसाला जे ठाऊक असतं ते कुठल्याच आराखड्यात येत नाही.

तुळई
मृद्गंध, वाचून वाईट वाटलं. हे इतक्या ठिकाणी होतं, की आता मी पहिल्या भेटीतच आकड्यांबद्दल बोलतो.

एकाच भागावर आकडा दोन ठिकाणी हवा आणि तो दिसणाऱ्या बाजूला नको. धातूची पट्टी, त्यावर ठोकलेला आकडा. तोच आकडा आराखड्यावर, तोच फोटोच्या नावात. शिवाय भाग कुठल्या बाजूने बसतो त्याची खूण, कारण तुळई उलटी बसवली तरी बसते आणि मग पुढचं सगळं गणित चुकत जातं. आता थ्रीडी स्कॅनिंग सहज मिळतं, मिलिमीटरच्या हिशोबात मापं येतात. ते जरूर करा. पण स्कॅनला फक्त पृष्ठभाग कळतो, सांध्याच्या आत काय आहे ते सोडवतानाच कळतं. म्हणून सोडवताना एक माणूस फक्त लिहायला हवा. त्याच्या हातात हातोडी द्यायची नाही.

रानवाटा
हाँगकाँगच्या मरे हाउसची आठवण झाली. १८४४ ची लष्करी इमारत, १९८२ मध्ये उतरवली, तीन हजारांवर दगडांना आकडे दिले. नंतर ते वर्षानुवर्षं पडून राहिले आणि शेवटी इमारत शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्टॅन्लेला समुद्रकाठी उभी केली. आत आता दुकानं आणि खाणावळी आहेत. वारशाचा जो वरचा दर्जा होता तो मात्र गेला. फोटोत दिसायला सुरेख आहे, पण शहराच्या मध्यात तिचा जो रुबाब असेल तो समुद्रकाठी कुठून यायचा?

उत्तररात्र
उलट उदाहरणही हवं. स्वीडनमधलं किरुना. लोखंडाच्या खाणीमुळे शहराखालची जमीन खचतेय, म्हणून शहराचा मोठा भागच दुसरीकडे नेतायत. १९१२ चं तिथलं लाकडी चर्च २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका तुकड्यात पाच किलोमीटर नेलं. ६७२ टन, दोन दिवस, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. त्याच्यासाठी रस्ता रुंद केला होता. रस्त्यासाठी घरं पाडतात हे आपण नेहमीच बघतो, तिथे उलटं झालं. लोक दुतर्फा उभे होते. मी ते थेट प्रक्षेपण रात्री बसून पाहिलं आणि डोळे भरून आले. म्हणजे जागा सुटली तरी नातं सुटत नाही, जर त्या वास्तूची माणसं तिच्याबरोबर जाणार असतील तर.

आणि याच्या बरोबर उलट, चेकियातलं मोस्ट. तिथे कोळशासाठी अख्खं जुनं गाव पाडलं आणि १९७५ मध्ये एक गॉथिक चर्च तेवढं रुळांवरून ८४१ मीटर सरकवलं. मिनिटाला दोन-एक सेंटिमीटर, जवळजवळ महिनाभर. अभियांत्रिकी म्हणून थक्क करणारं. पण ज्या गावाचं ते चर्च होतं ते गावच उरलं नाही. माझ्यासाठी फरक इथे आहे.

फिरस्ता
आता जरा माझं. हौस म्हणून हलवलेल्या घरांचाही एक इतिहास आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरचा अ‍ॅजक्रॉफ्ट हॉल, ट्यूडर काळातली हवेली, आजूबाजूला कोळशाच्या खाणी आल्या आणि ती मोडकळीला आली. १९२५ मध्ये लिलावात एका अमेरिकन धनिकाने घेतली, सुटी करून खोक्यांत भरली आणि समुद्रापार व्हर्जिनियातल्या रिचमंडला पुन्हा उभी केली. १९२८ मध्ये काम पुरं झालं, पुढच्याच वर्षी मालक वारले. आता तिथे संग्रहालय आहे. नकाशा, तुमच्या सनदेप्रमाणे हा गुन्हाच, पण न नेती तर आज दगड तरी दिसला असता का?

आपल्याकडेही अशी कामं झाली आहेत. मणिपालच्या हेरिटेज व्हिलेजमध्ये विजयनाथ शेणॉय यांनी जुनी घरं उतरवून आणून पुन्हा उभी केली. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये चेट्टियार घर आहे, तेही असंच आणलेलं. नागार्जुनसागरच्या पाण्याखाली जाणारे नागार्जुनकोंडाचे अवशेष टेकडीच्या माथ्यावर नेऊन उभारले, आज ती टेकडी बेट झाली आहे. आपल्या माणसांना हे काम येतं. फक्त घरांच्या बाबतीत ते कुणी मागत नाही.

पाणसळ_
विषयांतर होईल, पण राहवत नाही. इंडियानापोलिसमध्ये १९३० साली टेलिफोन कंपनीची आठमजली इमारत सरकवून नव्वद अंशात फिरवली. आत माणसं रोज कामावर येत होती, टेलिफोन चालू होते, पाणी आणि गॅसच्या नळ्या लवचिक करून घेतल्या होत्या. विचार करा, सकाळी खिडकीतून एक रस्ता दिसतो आणि काही आठवड्यांनी त्याच खिडकीतून दुसराच!

नकाशा
@पाणसळ_ आणि १९६३ मध्ये तीच इमारत पाडली. एवढी मेहनत करून तेहेतीस वर्षं. हलवणं म्हणजे जतन नव्हे, हे मी म्हणतोय ते याचसाठी. मॉस्कोच्या गव्हर्नर-जनरलचा वाडा घ्या, मात्व्हेय कझाकोव्हने १७८२ मध्ये बांधलेला. रस्ता रुंद करायला १९३९ मध्ये तेरा-चौदा मीटर मागे सरकवला, म्हणजे अगदी ओसरी_९ यांच्यासारखीच गोष्ट. आणि काही वर्षांत त्याच्या डोक्यावर दोन मजले चढवले! एकदा वास्तू "हलवता येते" असं ठरलं की तिला हात लावायची भीडच उरत नाही.

तुळई
हा मुद्दा मला पटला. यावर उपाय एकच, हलवायच्या आधीच पुढच्या वापराचं लेखी ठरवायचं. राहणार कोण, देखभाल कोण करणार, काय बदलायचं नाही. आणि नव्या पायावर बसवताना सिमेंट टाळा. जुन्या विटेपेक्षा सिमेंट कडक असतं आणि ओल आत कोंडून ठेवतं. मग सांधा शाबूत राहतो आणि वीट झिजते. चुन्याचं उलट, तो स्वतः झिजतो आणि विटेला वाचवतो. नव्या जागी पाच-सात वर्षांत भिंती सोलायला लागतात, आणि लोक म्हणतात, "घराला जागा मानवली नाही." जागा मानवलेली असते, सिमेंट मानवलेलं नसतं.

रेवा
सगळे प्रतिसाद वाचले. ओसरी_९ परत आल्याच नाहीत? काय ठरलं?

ओसरी_९
आले, आले. उशिराबद्दल माफ करा, तुम्ही सगळ्यांनी दिलेलं घेऊन वाड्यातच होते.

तुळईंनी सांगितलं तसं आधी भिंतींची तपासणी करून घेतली. बाहेरची भिंत अगदी तशीच निघाली, दोन पडदे आणि मधे माती-खडीचा भराव. एका ठिकाणी आरपार दगड सापडायला दहा फूट जावं लागलं. अख्खा वाडा उचलायचा बेत तिथेच संपला. पण आतला लाकडी सांगाडा भिंतीवर टेकलेला नाही, तो स्वतःच्या खांबांवर उभा आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मामालाही नाही.

नकाशा, तुमचं ऐकून आम्ही आखणी बदलण्यासाठी लेखी अर्ज दिला आहे, मोजमापाच्या नकाशांसकट. समोरच्या बाजूला मोकळी जमीन आहे, रस्ता तिकडे थोडा सरकला तर वाड्याला हातही लावावा लागणार नाही. सुनावणी व्हायची आहे. नाहीच जमलं तर सांगाडा सोडवून मागे उभा करायचा, भिंती त्याच दगडांनी नव्याने रचायच्या, आणि तोंड आहे त्याच दिशेला ठेवायचं. मावशीने या एका अटीवर होकार दिला. तिचं म्हणणं, सकाळचं ऊन आईच्या खोलीत यायला हवं, नाहीतर मला बोलवू नका.

मृद्गंध, तुमचा प्रतिसाद मी दोघांना वाचून दाखवला. मामा काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन माडीवर गेला, आणि आता रोज एक खोली लिहितो. कोणती तुळई नंतर बदलली, कुठल्या पायरीखाली पोकळी आहे, कुठली कडी कुणी बसवली. काल मला हाक मारून एका खांबावरची खाच दाखवली. आजोबांनी तिथे त्याची उंची मापली होती म्हणे. सहा वर्षांचा असताना.

मृद्गंध
त्या खांबाला नंबर दिलात का?

ओसरी_९
दिला. धातूची पट्टी, मागच्या अंगाला. आणि खाच जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही वहीत लिहिलंय.

तुळई
खांबाच्या तळाचं लाकूड कुजलं असेल तर तेवढं कापून नवा तुकडा जोडतील, आणि उंची बदलली तर खाच वर-खाली होईल. सुताराला आधी सांगून ठेवा.